शाळेत क्यूसी आणायचं, पण तपासायचं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) सांभाळता आणि गावाकडच्या एका अनुदानित शाळेच्या संस्थेवर आत्ताच विश्वस्त म्हणून गेला आहात. शाळा पाचवी ते दहावी. नववीतल्या जवळपास निम्म्या मुलांना साधा तीन अंकी भागाकार जमत नाही, हे तुम्ही स्वतः वर्गात बसून पाहिलंत. मग तुम्ही आराखडा मांडला: दर शनिवारी चाचणी, वर्गवार आलेख, शिक्षकांची क्रमवारी, तळाच्या दोघांना मेमो आणि वर्षअखेरीला आयएसओ हे गुणवत्ता-व्यवस्थेचं प्रमाणपत्र. शिक्षकांनी ‘मुलं म्हणजे नटबोल्ट नव्हेत’ म्हणून तो तिथेच मोडीत काढला. तुम्ही विचारताय की यात चुकलं कुठे.

मी नोकरीची बहुतेक वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात क्वालिटीत काढली आणि आता काही शाळांसोबत याच विषयावर काम करतो. शिक्षकांचं वाक्य खरं आहे, पण त्याने तुमची विद्या निकामी ठरत नाही. अडचण अशी की आपल्या विद्येतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुबळा तुकडा तेवढा तुम्ही शाळेत नेलात, तो म्हणजे फायनल इन्स्पेक्शन, माल तयार झाल्यावरची शेवटची तपासणी. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगच्या चौदा मुद्द्यांतला तिसराच मुद्दा आहे की सरसकट तपासणीवर विसंबणं सोडा. माल तपासून चांगला होत नाही, तो मशीनवर होतो, हे तुम्ही नव्या इंजिनिअरला पहिल्याच आठवड्यात सांगत असाल.

शिवाय फायनल इन्स्पेक्शन आपल्या शाळांना नवं नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुलं नववीत गाळायची, किंवा पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असं सुचवायचं, हा प्रकार तुम्हीही ऐकला असेल. मूल बाहेरून परीक्षेला बसतं, नापास झालं तरी शाळेच्या टक्केवारीत येत नाही आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. डिस्पॅचआधी खराब माल बाजूला सारून गिऱ्हाइकाला शून्य पीपीएम (दहा लाख नगांत खराब किती, तो आकडा) दाखवण्याचीच ही रीत. फरक एवढाच की कंपनीत स्क्रॅपचा खर्च आपल्या खात्यावर पडतो. इथे तो त्या मुलाच्या घरावर पडतो आणि शाळेच्या दप्तरात त्याची रेघही उमटत नाही.

म्हणून मी तुम्हाला आधी एक वेगळा आकडा काढायला सांगेन. पाच-सहा वर्षांपूर्वी पाचवीत आलेल्या मुलांपैकी किती जण तुमच्याच शाळेतून वेळेवर दहावीला बसले? जनरल रजिस्टर उघडलं की एका दुपारचं काम आहे. दाखला काढून दुसऱ्या शाळेत गेलेले, यायचेच बंद झालेले, लग्न लावून दिलेल्या मुली, नववीत अडकलेले, सतरा नंबरवाले, असे रकाने करा. हे आपलं रोल्ड थ्रूपुट यील्डच आहे, म्हणजे सगळ्या टप्प्यांतून न अडकता शेवटपर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण. संस्थेच्या बैठकीत हा कागद एकदा मांडला की निकालाच्या टक्क्यांवरची भाषणं आपोआप आटोपशीर होतात.

आता ‘नटबोल्ट’कडे येऊ. कंपनीत बाहेरून आलेल्या मालाचा, म्हणजे इनकमिंगचा, लॉट खराब निघाला तर आपण तो सप्लायरला परत पाठवतो. शाळेला तो अधिकार नाही आणि नसायलाच हवा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ तर म्हणतं की शाळाबाह्य मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्या आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. म्हणजे दहा वर्षांचं मूल अक्षरओळख नसतानाही तुमच्या पाचवीत हक्काने येऊ शकतं. तुमचा तालुका ऊसतोडीचा असेल तर दिवाळीनंतर वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तुमच्याकडे नेमकी कुठली परिस्थिती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं बरंच काही त्यावर ठरेल. हंगामी वसतिगृह चालू आहे का, पाचवीला मुलं किती गावांच्या जिल्हा परिषद शाळांतून येतात, गणिताचा शिक्षक मंजूर आहे की तासिका तत्त्वावर, एवढं तरी आधी बघून घ्या.

दुसरा फरक टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या कमी-जास्तपणाचा. आपण आयुष्यभर व्हेरिएशन कमी करायला झटतो, कारण शाफ्टचा व्यास वर गेला तरी रिजेक्ट आणि खाली गेला तरी रिजेक्ट. शाळेतलं टॉलरन्स एकतर्फी असतं. खालची मर्यादा आहे: वाचता आलं पाहिजे, चार क्रिया आल्या पाहिजेत, मनातलं चार ओळींत लिहिता आलं पाहिजे. वरची मर्यादा नाही. एखादी मुलगी सातवीत दहावीची भूमिती सोडवत असेल तर तिला सरासरीकडे ओढायचं कारण नाही. म्हणून मी शाळेत क्वालिटीची अवजारं फक्त या पायाभूत गोष्टींपुरती वापरतो. निबंध, चित्र, नाटक, वर्गातली भांडणं मिटवणं यांना आलेख लावायला जाऊ नका. तिथे शिक्षकांचा विरोध शंभर टक्के रास्त आहे.

मग अवजारांतलं पहिलं कुठलं? गेज. चाचणी हे तुमचं गेज, म्हणजे मोजायचं साधन, आहे आणि त्याचा एमएसए (मोजमाप किती भरवशाचं याची तपासणी) कुणी केलेला नाही. करून बघा. एका इयत्तेच्या वीस उत्तरपत्रिका घ्या, नावं झाका, झेरॉक्स काढा, तीन शिक्षकांना वेगवेगळं बसवून तपासायला द्या. त्यातल्याच काही पंधरा दिवसांनी त्याच शिक्षकांकडे परत द्या. नुसत्या आकडेमोडीत गुण जुळतात. शाब्दिक उदाहरणात एक जण पायऱ्यांचे गुण देतो, दुसरा उत्तर चुकलं की शून्य. पत्रलेखनात तर पाचपैकी दोन आणि पाचपैकी साडेचार एकाच कागदाला मिळालेले मी पाहिलेत. मोजमापातला एवढा फरक, म्हणजे आर अँड आर, आला असता तर ते गेज आपण शॉप फ्लोअरवर ठेवलं नसतं. त्यात दर शनिवारी पेपर नवा, म्हणजे गेजही दर आठवड्याला नवं. या शनिवारची सरासरी मागच्यापेक्षा सहाने घसरली, तर मुलं घसरली की पेपर अवघड होता, हे तुमचा आलेख सांगूच शकत नाही.

आणि गेज चांगलं असलं तरी गुणांचा आकडा फार मुका असतो. उदाहरण घ्या: ४०३ वजा १७८. उत्तर २२५. एका मुलाने ३७५ लिहिलं, दुसऱ्याने २३५. शनिवारच्या तक्त्यात दोघांना शून्य, दोघे ‘वजाबाकी कच्ची’. पण कागद नीट पाहा. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय: ८ वजा ३, ७ वजा ०, ४ वजा १. वरची संख्या कुठली आणि खालची कुठली याने त्याला फरक पडत नाही, म्हणजे दशक सुटा करणं हा प्रकारच त्याच्या डोक्यात बसलेला नाही. दुसऱ्याला तो येतो. त्याने शतक सुटं करून दहा दशक केले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण दशकाच्या घरात नऊ उरले हे विसरून दहातूनच सात वजा केले. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन पहिल्यापासून बसवायला हवं. दुसऱ्याला मध्ये शून्य असलेली आठ-दहा उदाहरणं फळ्यावर पुरतात. दोघांना एकत्र ‘जादा तास’ लावलात तर एक कंटाळणार आणि दुसऱ्याला काही कळणार नाही.

हे आपल्याला नवं नाही. रिजेक्शन किती, यावर आपण कधी थांबत नाही. क्रॅक, बर, ब्लोहोल, ओव्हरसाइझ असे डिफेक्ट कोड लावतो, पॅरेटो काढतो, म्हणजे सर्वाधिक होणारे दोष आधी मांडतो, आणि मग मशीनकडे जातो. शाळेत गुणांऐवजी चुकांचे प्रकार मोजायला लागा. भागाकारात ८२४ भागिले ८ चं उत्तर १३ लिहिणारी मुलं वेगळी, पाढ्यातच अडकणारी वेगळी आणि उदाहरण वाचताच न आल्याने कोरं सोडणारी वेगळी. नववीच्या निम्म्या वर्गात तुम्हाला जे दिसलं त्यात हे तिन्ही मिसळलेलं आहे.

आणि हा डिफेक्ट नववीत तयार झालेलाच नाही. तो तिसरी-चौथीच्या स्टेशनवर तयार झाला आणि पाच स्टेशनं कुणी न पकडता पुढे आला. ग्रामीण मुलांची पातळी तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. कोविडनंतर २०२२ मध्ये हा आकडा २०.५ होता. तेव्हा तुमच्या गणिताच्या सरांना मेमो देणं म्हणजे ओतकामात राहिलेल्या पोकळीसाठी, कास्टिंगमधल्या ब्लोहोलसाठी, पेंट शॉपवर एनसी (दोषाचा ठपका) काढणं.

क्रमवारीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तुमचा जीव त्यात जास्त गुंतलेला दिसतो. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर श्युहार्टने १९२४ साली कंट्रोल चार्ट मांडला तो नेमका यासाठी, की प्रक्रियेतली नेहमीची चढउतार कुठली आणि खरोखर काही बिघडलंय ते कुठलं, हे वेगळं काढता यावं. हिशोब करू. तीस मुलांची तुकडी, गुणांचा सिग्मा, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, पंधरा धरा. सरासरीचा सिग्मा पंधरा भागिले तीसचं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.७. दोन तुकड्यांच्या सरासरीतल्या फरकाचा सिग्मा जवळपास ३.९. म्हणजे अ तुकडी ५६ आणि ब तुकडी ५१, हा फरक मुलं चिठ्ठ्या टाकून वाटली असती तरी सहज पडला असता. आणि शाळेत मुलं चिठ्ठ्या टाकून कोण वाटतं? ‘अ’ म्हणजे हुशार तुकडी हे गावातल्या पानवाल्यालाही ठाऊक असतं.

डेमिंग त्याच्या शिबिरांत लाल मण्यांचा खेळ घ्यायचा. पेटीत ३,२०० पांढरे आणि ८०० लाल मणी, पन्नास खळग्यांचं एक फावडं, आणि सहा ‘कामगार’. लाल मणी म्हणजे डिफेक्ट. कुणाच्या फावड्यात सात लाल येत, कुणाच्या चौदा. डेमिंग सातवाल्याची पाठ थोपटायचा, चौदावाल्याला झापायचा. पुढच्या फेरीत आकडे उलटे. कामगाराच्या हातात काहीच नव्हतं, पेटीतच वीस टक्के लाल मणी होते. तुमच्या क्रमवारीतले तळाचे दोघे या वर्षी ब आणि क तुकडीचे असतील, पुढच्या वर्षी तुकड्या बदला, तळ बदलेल. अर्थात वर्गावर जातच नाही असा शिक्षक कुठेतरी असतोच. पण त्याला शोधायला आलेख लागत नाही, मुख्याध्यापकांना आणि शिपाईमामांना तो आधीच माहीत असतो. तिथे हवी ती नियमाप्रमाणे कारवाई करण्याची हिंमत.

आकड्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की काय होतं, हेही जगाने बघून झालंय. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचं अनुदान निरीक्षकाने घेतलेल्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर ठरायचं. मुलांकडून वाचनाचं पुस्तक पाठ करून घेणं सुरू झालं आणि इतर विषय मागे पडले. शतक संपायच्या आत ती पद्धत मोडीत काढावी लागली. अमेरिकेत अटलांटाच्या सरकारी शाळांत गुणवाढीचा इतका दबाव होता की शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली. २०११ च्या चौकशी अहवालात १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली आणि २०१५ मध्ये अकरा जणांवर गुन्हे सिद्ध झाले. तुमच्या शनिवारच्या चाचणीत एवढं होणार नाही. पण फळ्यावर उत्तरं लिहून देणं, कच्च्या मुलाला ‘शनिवारी नाही आलास तरी चालेल’ सांगणं, एवढं तिसऱ्या आठवड्यापासून होईल. यात शिक्षकाची नियत खराब असायची गरज नाही. आपल्याकडे ऑडिटच्या आदल्या रात्री रेकॉर्ड कसे भरले जातात ते तुम्ही जाणताच.

इथवरचं थोडक्यात: गेज कच्चं, आकडा मुका, क्रमवारी नशिबाची, आणि मेमोमुळे खरी माहितीही लपणार. मग काय करायचं?

आधी प्रोसेस मोजा. मशीन किती तास चाललं हे न पाहता आपण प्रॉडक्शन कमी म्हणून ऑपरेटरवर ओरडत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवं. तुमच्या शाळेत गणिताच्या किती तासिका वेळापत्रकात होत्या आणि किती प्रत्यक्षात झाल्या? एका महिन्यासाठी वर्गातल्याच दोन मुलांना वहीत टिपायला सांगा: तास झाला, नाही झाला, का नाही झाला. निवडणुकीचं काम, प्रशिक्षण, ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या सरकारी प्रणालींत माहिती भरणं, स्नेहसंमेलनाची तालीम, पोषण आहाराचा हिशोब, रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी कुणी नसणं. या वहीचा पॅरेटो काढलात की बराचसा डाउनटाइम, म्हणजे वाया गेलेला वेळ, शिक्षकांच्या हातातला नाही, संस्थेच्या आणि कार्यालयाच्या हातातला आहे, असं बहुतेक वेळा निघतं. विश्वस्त म्हणून तुमचं खरं काम तिथे आहे. आणि पहिला कागद शिक्षकांच्या बाजूने बोलणारा निघाला की ‘नटबोल्ट’वाले सरही तुमच्या शेजारी खुर्ची ओढून बसतील.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात म्हटलंय की डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातल्या एका भेटीचा फारसा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि शिवाय आगाऊ सूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात. पॅट्रोल इन्स्पेक्शनची, म्हणजे काम चालू असताना फिरून तपासण्याची, कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे! तुम्हीही जा, वर्गात मागच्या बाकावर बसा, पण हातात चेकलिस्ट नको. पहिल्या बाकावरची तीन मुलं सोडून प्रश्न कुणाला विचारले गेले, एवढंच बघा.

मग मुलांची पातळी. तोंडी, एकेकट्याने, चार-पाच मिनिटं. ‘असर’ची रीत सोपी आहे: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट, गणितात संख्याओळख, वजाबाकी, भागाकार. पाचवी-सहावीच्या मुलांची जूनमध्ये तपासणी करा आणि रोज एक तास वर्ग मोडून पातळीप्रमाणे गट बसवा. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ही पद्धत बरीच वर्षं वापरली आहे, त्यात गुपित काही नाही. दोन अटी मात्र पाळा. गट कायमचे नकोत, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासून मुलं हलली पाहिजेत, नाहीतर ‘ढ तुकडी’ तयार होते. आणि मुलाची नोंद शिक्षकाकडे आणि मुलाकडेच राहावी. मुख्याध्यापकांना गटांची संख्या कळावी, संस्थेला सत्रातून एकदा. मुलांनी आपला आलेख आपणच काढला तर उत्तम. अलास्कातल्या सिटकाच्या माउंट एजकम्ब हायस्कूलमध्ये १९८० च्या दशकाअखेरीस डेमिंगच्या कल्पना आणल्या तेव्हा मुलंच आपल्या कामाचा हिशोब ठेवत.

नववीतली सध्याची मुलं थांबणार नाहीत. त्यांच्यासाठी चुकांच्या प्रकाराप्रमाणे छोटे गट आणि रोज अर्धा तास, तोही शाळेच्या वेळेत. शाळा सुटल्यावर ठेवलंत तर एसटी पकडणारी आणि घरी जाऊन पाणी भरणारी मुलं गळतात, आणि गरज त्यांनाच जास्त असते.

अँडॉनची, म्हणजे अडचण दिसताच मदत बोलावण्याची, दोरी मात्र नक्की आणा. टोयोटाच्या लाइनवर कामगार दोरी ओढतो तेव्हा लीडर धावत येतो, मेमो घेऊन येत नाही. ‘हा घटक माझ्याच्याने मुलांपर्यंत पोहोचत नाहीये’ असं शिक्षकाला शिक्षक-सभेत न घाबरता म्हणता आलं पाहिजे, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी तो धडा त्याच वर्गावर घेऊन दाखवला पाहिजे. तुम्ही त्या सभेला बसू नका. विश्वस्त समोर असला की दोरी कुणी ओढत नाही.

राहिला आयएसओ. मधल्या काळात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी दारावर ‘आयएसओ मानांकित’ रंगवून घेतलं. त्यात रंगरंगोटी झाली, स्वच्छतागृहं दुरुस्त झाली, गावाने वर्गणी काढली, हे चांगलंच झालं. पण प्रमाणपत्र सांगतं ते व्यवस्थेबद्दल. चौथीतल्या पोराला वाचता येतं की नाही ते सांगत नाही. २०१८ पासून शिक्षणसंस्थांसाठी आयएसओ २१००१ असं वेगळं मानक आहे, ते वाचून काढा, रचना विचारपूर्वक केलेली आहे. प्रमाणपत्राची घाई करू नका. त्यासाठी संस्थेने पैसे बाजूला ठेवले असतील तर त्यातून आधी गावातली एखादी डीएड झालेली मुलगी पाचवी-सहावीच्या गटांसाठी मानधनावर घ्या, आणि शिक्षकांच्या खोलीत एक चालणारं झेरॉक्स मशीन द्या.